आजोळची वाट

आमच्या प्राचीन विद्यापरंपरेत सुटीला ‘अनध्याय’ असे नाव आहे. धर्मशास्त्रकारांनी अनध्यायाची कारणे मोठ्या बारकाईने सांगितली आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या तिथी त्यांत आहेतच. शिवाय मेघगर्जना, उल्कापात, धुळीचे वादळ अशा प्रसंगीही पाठ बंद ठेवावा असे मनुस्मृतीत म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर शिष्ट मनुष्य घरी आला असताही अध्ययन थांबवावे असे सांगितले आहे. मुलांना संस्कृत शिकविण्यात माझे उभे आयुष्य गेले. त्यात हे शेवटचे कारण मला नेहमी विशेष गोड वाटत आले. माणूस घरी आले की पुस्तक मिटावयाचे! सुटीचे सगळे मर्म यात आले आहे. असे असूनही ते मर्म माझ्याच घरात मी कितीएक वर्षे अर्धेमुर्धे पाळीत होतो, हे मला एका दिवाळीत कळून चुकले. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. वाचकांच्या घरीही तिचा कदाचित उपयोग होईल.

प्रथम माझ्या बाळपणीच्या प्रवासाविषयी सांगितले पाहिजे. आमचे घर बाभुळगावचे. माझे आजोळ कारंजा लाड येथले, श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानामुळे सर्वश्रुत असलेल्या त्या गावचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे ही गोष्ट १९६७-६८ च्या सुमाराची. पाडव्याचे औक्षण आटोपले की आईची बांधाबांध सुरू होई. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, फिरकीचा तांब्या, आणि दुधात भिजविलेल्या दशम्यांचे फडके. यवतमाळापर्यंत मिळेल त्या वाहनाने जावयाचे आणि तेथून आगगाडी. ही आगगाडी म्हणजे सर्व वऱ्हाडात ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने प्रसिद्ध असलेली अरुंद रुळांची गाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा तिचा मार्ग 113 किलोमीटरांचा, आणि दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईवाटे विलायतेस पाठविण्यासाठी हे रूळ टाकले. १९५१-५२ साली देशातील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हा हा मार्ग मात्र त्या व्यवस्थेबाहेरच राहिला. आमच्या वेळी गाडीस जोडलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले. ते १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबले. वेग म्हणाल तर ताशी वीस किलोमीटरांच्या आत-बाहेर. खिडकीतून डोके बाहेर काढले की कोळशाचा कण डोळ्यात गेलाच म्हणून समजावे. मग आई पदराच्या टोकाने तो काढी आणि वर एक धपाटाही देई. आज ती गाडी बंद आहे. पुढे कालिदास शिकविताना मला नेहमी एक विचार येई, की कवीची शकुंतला आश्रम सोडून सासरी निघाली, तर आमची शकुंतला माझ्या आईला दर वर्षी माहेरी पोहोचवीत असे.

कारंज्याच्या त्या घराचे मला आज काय आठवते? पाहिलेली स्थळे फारशी आठवत नाहीत. आठवते ते एवढेच, की गाडी कितीही उशिरा पोहोचली तरी मामा कंदील घेऊन फलाटावर उभे असत, आणि घरी गेल्यावर आजी आईला म्हणे, “तू आता बैस. चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस.” आमच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी माझी आई तेथे झोपाळ्यावर बसून मोठ्याने हसत असे. आपली आई हसते कशी, हे मी आजोळी पाहिले.

‘आजोळ’ हा शब्द ‘आजा’ आणि ‘कुल’ या दोहोंपासून झाला आहे. शब्दाच्या घडणीत कोणत्या बाजूचा आजा याचा काहीच खुलासा नाही. परंतु मराठी भाषेने तो शब्द आईच्या माहेरासाठीच राखून ठेवला. यात आमच्या पूर्वजांचे शहाणपण दिसते. मुलाला बापाचे घर आपोआप मिळते. आईच्या घरी त्याला न्यावे लागते.

आता माझ्या घराकडे वळतो. माझे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. सूनबाईही तेथे नोकरी करतात. नातू नऊ वर्षांचा, नात पाच वर्षांची. लग्नानंतर दर दिवाळीला चिरंजीव सहकुटुंब रेल्वेने धामणगावपर्यंत व तेथून एस.टी.ने बाभुळगावी येत आणि भाऊबीज झाल्यावर परतत. ही प्रथा मला इतकी स्वाभाविक वाटे, की तिच्याविषयी कोणाला काही विचारावे असे कधी मनातही आले नाही.

मुलांना येथे आनंद होत असे यात संशय नाही. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंग, बलिप्रतिपदेला गायगोधन. सजविलेल्या गाई आणि वाजतगाजत नाचणारे गोवारी पाहून पुण्याची मुले तोंडात बोट घालीत. दिवाळीचे दिवस आमच्याकडे कापसाच्या वेचणीचे. वेचणीच्या आरंभी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करण्याची वऱ्हाडात चाल आहे. संस्कृतात सीता म्हणजे नांगराची तास, हे मी नातवाला शेताच्या बांधावरच समजावून सांगितले. बोंडातला कापूस त्याने हाताने काढला, त्यातली सरकी वेचली आणि आपल्या सदऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. पुस्तकातील दहा धडे एका बोंडाने झाले. असे सगळे उत्तम चालले आहे, अशी माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी आश्विनात चिरंजीवांचा फोन आला, की या दिवाळीत आम्ही मुलांना घेऊन कोकणात समुद्रावर जावे म्हणतो. मुलांच्या आजीने ऐकून घेतले आणि काही न बोलता अनारशांचे भिजत घातलेले तांदूळ उपसून ठेवले. त्या रात्री ती जेवली नाही. मला राग आला. हल्लीच्या पिढीला घरापेक्षा स्थळे प्रिय, अशा अर्थाचे दोन-चार कठोर शब्द मी दुसऱ्या दिवशी फोनवर बोललो. तेव्हा सूनबाईंनी फोन आपल्या हाती घेतला.

त्या म्हणाल्या, “बाबा, रागावू नका. समुद्र कोठे पळून जात नाही, हे मलाही समजते. पण वर्षभर नोकरी करून मी रजा घेते, ती बाभुळगावी येऊन चुलीपाशी उभी राहण्यासाठी. मुलांची सुटी होते, तुमचा सण होतो. माझी सुटी कोणत्या दिवशी असते, तेवढे मला सांगा. भाऊबीजेला वन्सं येतात, त्यांच्या पंगतीची तयारी मी करते, आणि आनंदाने करते. पण वर्ध्याला माझा भाऊ त्या दिवशी वाट पाहतो. अकरा वर्षे झाली. तो आता फोनवरूनच ओवाळणी पाठवून देतो.”

मी काहीच बोलू शकलो नाही. अकरा वर्षे! माझी लेक नागपूरहून दर भाऊबीजेला मुलांसह आमच्याकडे येई. तिच्या मुलांना बाभुळगाव हे आजोळ मिळाले होते. माझ्या नातवंडांना मात्र त्यांचे आजोळ मी मिळू दिले नव्हते. आणि वर्धा काही सातासमुद्रापलीकडे नाही. आमच्या शेजारचा जिल्हा! माझ्या वडिलांना लोक जुन्या वळणाचे म्हणत. तरी त्यांनी माझ्या आईची भाऊबीज एकदाही चुकविली नव्हती. मी त्यांच्यापेक्षा अधिक शिकलेला, आणि माझ्या ध्यानात ही गोष्ट अकरा वर्षांत एकदाही आली नव्हती.

त्या वर्षी मुले समुद्रावर गेली. जाऊ द्या, असे मीच सांगितले. आमच्या घरी दोघांची दिवाळी झाली. लेक भाऊबीजेला आली, पण ओवाळावयास भाऊ नव्हता. ते तीन-चार दिवस आम्हा पतिपत्नींना बोलावयास पुष्कळ वेळ मिळाला, आणि त्यातून पुढील वर्षाचा बेत ठरला.

बेत असा. लक्ष्मीपूजन व पाडवा बाभुळगावी. भाऊबीज वर्ध्याला व्याह्यांकडे, आणि तीही सर्वांची. म्हणजे आमची लेक नागपूरहून वर्ध्यालाच येईल आणि आपल्या भावाला तेथे ओवाळील. सूनबाई आपल्या भावाला ओवाळतील. पुढल्या वर्षी व्याही मंडळींनी बाभुळगावी यावे. मी स्वतः पत्र लिहून व्याह्यांची संमती मागितली. उलट टपाली उत्तर आले, त्यात मजकूर थोडा आणि आनंद फार होता.

दुसरा ठराव फराळाचा. सूनबाई येण्यापूर्वी जे होईल ते आम्ही करावे, आणि आल्यावर जे करावयाचे ते सर्वांनी मिळून करावे. चिरंजीव सोऱ्या घेऊन चकल्या पाडावयास बसले. मी शंकरपाळे कातले. ते पाटीच्या तुकड्यांसारखे टणक झाले. नातवाने ते चहात बुडवून खाण्याची युक्ती काढली आणि माझी अब्रू राखली. सूनबाई त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत निजल्या होत्या. घरातले कोणीही त्यांना उठविले नाही, ही त्या दिवाळीतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना होय.

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही निघालो. प्रथम एस.टी.ने कळंबास. तिकिटांच्या वेळी मोठी मौज झाली. स्त्रियांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे भाडे; पासष्ट वर्षे उलटल्यामुळे मलाही अर्धे; मुलांचे तर अर्धेच. सहा माणसांत पूर्ण तिकीट एकट्या चिरंजीवांचे! “म्हणजे आपल्यात पूर्ण माणूस बाबा एकटेच का?” असे नातीने विचारले, तेव्हा वाहकालाही हसू आवरेना.

कळंबास चिंतामणीचे दर्शन घेतले. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. तेथील कुंडाचे पाणी कधी कधी वर चढून चिंतामणीच्या चरणांस स्पर्श करते, अशी त्याची ख्याती आहे. मुलांनी पायऱ्या मोजल्या. दोघांची बेरीज जुळेना, म्हणून पुन्हा मोजल्या.

कळंबाहून पुढे आगगाडी. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. हे रूळ रुंद, साडेपाच फुटांचे. मी नातवाला म्हणालो, “माझ्या आजोळच्या गाडीचे रूळ याच्या निम्म्याहूनही कमी रुंद होते.” त्याने फलाटावर दोन्ही हात पसरून अंतर मापले आणि विचारले, “मग आजोबा, तुमचे आजोळ लहान होते का?” या प्रश्नाला उत्तर सुचले नाही.

लहान मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या मातापित्यांसाठी अनुभवाच्या दोन गोष्टी येथेच सांगतो. मुलाला प्रवासात एक काम नेमून द्यावे. नातीकडे पाण्याची बाटली होती, नातवाकडे स्थानकांची नावे लिहून घेण्याची वही. काम असलेले मूल कुरकुर करीत नाही. आपण नेले जात नसून नेत आहोत, असे त्याला वाटते. खाण्यास घरची दशमी किंवा तिखटमिठाची पुरी असावी; ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते आणि पोटास बाधत नाही. आणि एका दिवसात एकच स्थळ दाखवावे. सेवाग्राम वर्ध्याच्या अगदी जवळ. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य जेथे झाले ती साधी कुटी आम्ही दुसऱ्या दिवशी सावकाश पाहिली. इतक्या मोठ्या माणसाचे घर इतके लहान कसे, यावर मुले पुष्कळ वेळ बोलत होती.

वर्ध्याच्या फलाटावर सूनबाईंचे बंधू उभे होते. हातात कंदील नव्हता, एवढाच काय तो फरक. घरी पोहोचताच विहीणबाई आपल्या लेकीला म्हणाल्या, “तू आता बैस.” ते शब्द ऐकून मी खाली पाहिले. साठ वर्षांपूर्वीचे कारंज्याचे घर माझ्यासमोर उभे राहिले होते.

सायंकाळी दोन पाट शेजारी मांडले. एकावर माझे चिरंजीव, दुसऱ्यावर त्यांचे मेहुणे. दोघी बहिणींनी ओवाळले. नंतर सर्व मुले अंगणात गेली, आणि सूनबाई आपल्या भावाशी काही जुनी गोष्ट बोलताना मोठ्याने हसल्या. नात धावत आत आली, आईकडे क्षणभर पाहत राहिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आजोबा, आई केवढी हसते आहे!”

वाचकहो, सुटीत मुलांना कोठे न्यावे, असे पुष्कळ पालक विचारतात. डोंगर, समुद्र, देवस्थाने, किल्ले, सर्व काही पाहावे. मुलांची दृष्टी त्याने विस्तारते. परंतु वर्षातून एकदा तरी त्यांना अशा ठिकाणी न्यावे, जेथे कोणी त्यांची, आणि त्यांच्या आईचीही, वाट पाहत आहे. आपल्या घरातील सूनबाईंच्या किती भाऊबिजा भावाविना गेल्या, याचा हिशेब आज रात्री जेवणे झाल्यावर प्रत्येक कुटुंबप्रमुखाने करून पाहावा. माझा हिशेब अकरा निघाला होता. यंदाची दिवाळी बाभुळगावी आहे. वर्ध्याची मंडळी पाडव्यालाच येणार आहेत, आणि चकल्या व्याही करणार आहेत. शंकरपाळ्यांचे काम मात्र या खेपेस माझ्याकडे नाही.