केसपेपरवरची ‘मजुरी’

काम आणि काया : लेखांक 7

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतला माणूस नाव, वय, गाव विचारतो आणि ‘व्यवसाय’पुढे बरेचदा न विचारताच ‘मजुरी’ लिहून मोकळा होतो. मजुरी कसली? डांबराची, लेथवरची, ऊसतोडीची? इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने 1700 सालीच सांगून ठेवलं होतं, की रोग्याला एवढं जरूर विचारा : तू काम काय करतोस? कातडीच्या कर्करोगात हा प्रश्न राहून गेला की काय होतं, ते आज पाहू.

अठराव्या शतकात लंडनमध्ये घरोघरी कोळसा जळायचा आणि धुराडी साफ करायला लहान पोरं आत चढवायचे. पाच-सहा वर्षांची, उपाशी, कारण अंगाने भरलेलं पोर त्या बोळकांडीत मावत नसे. कोपर आणि गुडघे भिंतीला रेटत ती वर सरकायची. घामाबरोबर काजळी अंगावर बसायची आणि जिथे कातडीला घड्या आहेत तिथे, म्हणजे वृषणकोशावर, साचून राहायची. पुढे ती पोरं मोठी होत, कित्येक जण तो धंदाही सोडत; आणि मग कधीतरी तिथे कडक काठांची, दुखरी जखम उठायची. धुराडीवाले तिला काजळीचा चामखीळ म्हणत. डॉक्टर मात्र गुप्तरोग समजून पारा देत. जिवावरचं दुखणं आणि वर बदनामी! 1775 साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने लिहिलं, की हा कर्करोग आहे आणि तो काजळीमुळे होतो. कामामुळे कर्करोग होतो हे इतक्या स्पष्टपणे तोवर कोणी मांडलं नव्हतं.

या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र शंभरेक वर्षांनंतरचा आहे. हेन्री बटलिन या डॉक्टरने 1892 साली एक साधा प्रश्न लावून धरला : युरोपातल्या इतर देशांतही धुराडी आहेत, काजळी आहे, मग तिथल्या कामगारांना हा रोग इतका कमी का? चौकशीत दिसलं, की ते अंगभर घट्ट कपडे घालत आणि काम संपलं की आंघोळ करत. म्हणजे बराचसा फरक पाण्याचा आणि कपड्यांचा होता. ज्या पोराला काजळीच्या पोत्यांवरच झोपायला लावलं, त्याला ‘स्वच्छता पाळ’ म्हणण्यात काय अर्थ? पाणी आणि कपडे देणं हे मालकाचं काम होतं, आणि आजही आहे.

काजळीत नेमकं काय असतं, हे कळायला आणखी चाळीस वर्षं गेली. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोलटार चोळलं आणि 1915 साली तिथे कर्करोग उठल्याचं दाखवलं. पुढे लंडनमध्ये केनवे यांच्या गटाने गॅस कारखान्यातल्या दोन टन डांबरी गाळातून, 1933 साली, बेंझोपायरीन वेगळं काढलं. काजळीतही असलेलं हे रसायन कातडीत मुरतं, पेशी ते पचवायला जातात आणि त्या खटाटोपात त्याचं असं रूप तयार होतं, की ते थेट डीएनएला चिकटतं. बिघाड साठत राहतो आणि कर्करोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. दरम्यान लँकेशायरच्या गिरण्यांत चात्यांचं खनिज तेल सूतकामगारांच्या विजारीतून झिरपून तोच रोग देत होतं. मँचेस्टरच्या रुग्णालयात 1902 ते 1922 या काळातल्या अशा 141 रुग्णांपैकी 69 जण सूत कातणारे होते.

आता आपल्याकडचं डांबर. मराठीत हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंना चालतो. कोलटार दगडी कोळशातून निघतं. डांबरगोळ्याही मुळात त्याच्याच. रस्त्यावर हल्ली पडतं ते बिट्युमेन, खनिज तेलाचं. कर्करोगाच्या बाबतीत कोलटार कितीतरी जास्त घातक, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक पिंपाकडे बघून घाबरायचं कारण नाही. पण बिट्युमेनही निर्धोक नाही. तापलं की त्याची वाफ अंगावर बसते. आणि दुपारच्या भाकरीआधी रस्त्याच्या कामावरची बाई काय करते? डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कोपरापर्यंत हात घासते. डांबर निघतं, पण कातडीचं स्वतःचं तेलही निघून जातं, भेगा पडतात. गोडं तेल चोळून साबणाने धुतलं तरी डांबर सुटतं. ठेकेदाराने तेलाची बाटली आणि साबणाची वडी ठेवायला असा किती खर्च येतो?

उन्हाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार 2019 साली 160 कोटी लोक उन्हात काम करत होते आणि त्यातून झालेल्या कातडीच्या कर्करोगाने (मेलानोमा सोडून) सुमारे 19,000 जण दगावले. जर्मनीने 2015 पासून उन्हाने होणारा एक प्रकार व्यवसायजन्य रोग मानला आहे. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन आपल्याला बरंच वाचवतं. पण आपल्याकडे भट्टीवर भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षं न भरलेली पायाची जखम, इथेही हा रोग धरतो. म्हणून फक्त उन्हात उघडा राहणारा भाग तपासून भागत नाही.

1948 च्या कारखाने अधिनियमाने कातडीचा कर्करोग सरकारला कळवायच्या रोगांत घातला. पण कळवायचा कोणी? गिरणी सोडून पंधरा वर्षं झालेला माणूस गावाकडच्या दवाखान्यात जातो, तिथे त्याचा धंदा ‘मजुरी’ असतो. तेव्हा महिनाभरात न भरलेली जखम, काठ कडक झालेला फोड, चिघळलेला जुना व्रण दाखवायला गेलात, तर आज काय करता एवढंच सांगू नका. विशीपासून काय काय केलंत, हाताला काय लागायचं, कपडे कशाने भिजायचे, हे सगळं सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा.

पुढच्या आठवड्यात : लाकडाचा भुसा आणि सुताराचं नाक.