मुळांभोवतीची माती आणि काचेची बशी

ठाण्याच्या भातशेतीत राब भाजण्याची रीत फार जुनी. रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरायचे, उन्हाळ्यात पेटवायचे आणि पावसाबरोबर तिथेच भाताची रोपे वाढवायची. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर यांच्यासह 1912 मध्ये या पद्धतीवर प्रबंध लिहिला. तोवर मुळांभोवतीच्या मातीच्या थराला हिल्टनर यांनी 1904 मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले होते, आणि तापवलेल्या मातीत जिवाणू आधी घटतात व मग पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढतात, हे इंग्लंडमधील रोदमस्टेड येथे 1909 मध्ये दिसले होते. जोशी पुढे बिहारमधील पुसा येथे गेले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंचा त्यांचा 1920 चा अभ्यास भारतातला पहिला मानला जातो. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या विद्येच्या भारतातील आरंभाशी आपल्या भातखाचरांचा असा जवळचा संबंध आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

या शंभर-सव्वाशे वर्षांत या विद्येचे हत्यार मुख्यतः एकच राहिले. मुळाला चिकटलेली माती निर्जंतुक पाण्यात हलवायची, दहादहा पटींनी विरळ करायची, आगरच्या बशीवर पसरायची आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. या हत्यारावरचा मोठा आक्षेप खरा आहे: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जिवाणूंपैकी जेमतेम शेकडा एक बशीवर उगवतात. स्टेली आणि कोनोप्का यांनी 1985 मध्ये या तफावतीकडे ठळकपणे लक्ष वेधले. त्याआधीच, 1977 मध्ये, कार्ल वोज यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवसृष्टीची नवी मांडणी केली होती. पुढे मातीतून थेट डीएनए काढून तो वाचता येऊ लागला, तेव्हा बशी हवीच कशाला, असे अनेकांना वाटले. पण जे उगवत नाही ते उगवूच शकत नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. बायरिंक यांनी 1925 मध्ये वर्णन केलेला एक नत्र बांधणारा जिवाणू जवळपास विस्मरणात गेला होता. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांनी 1970 च्या दशकात अर्धघट्ट माध्यम वापरले. त्यात जिवाणू आपल्याला मानवेल एवढ्या प्राणवायूच्या पातळीवर, पृष्ठभागाच्या जरा खाली, जमून बसले. हेच ॲझोस्पिरिलम. उणीव माध्यमात होती. भाताबाबत ही गोष्ट अधिकच लागू पडते. पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, पण भाताची मुळे तो खोडातून खाली आणून भोवती झिरपवतात. त्यामुळे मुळालगत एक जग असते, आणि काही मिलिमीटरवर मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे अगदी दुसरे. सगळ्यांना एकाच बशीत, एकाच हवेत वाढवायला बसलो तर निम्मी वस्ती हाती लागणारच नाही.

डीएनएची यादी कोण हजर आहे ते सांगते. तो काय करतो, हे जिवंत पेशीवरच तपासून पाहावे लागते. भारतात 2006 पासून खत नियंत्रण आदेशात आलेल्या जिवाणू खतांनाही हाच कस लागतो: भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत, आणि ते वाढवूनच मोजतात.

ठाण्याच्या याच भातपट्ट्यात, भिवंडीजवळच्या वळ गावात, आज गोदामांचा पसारा आहे. भराव आणि काँक्रीटखाली गेलेल्या मातीचे काय, या प्रश्नावर एक उत्तर तयारच असते: जिवाणू सगळीकडे असतात, परिस्थिती फक्त निवड करते. बास बेकिंग यांनी 1934 मध्ये हे सूत्र मांडले. मला त्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. पावसाळाभर तुंबलेले पाणी, मग अंगओलीवरचा वाल आणि शेवटी भेगाळणारी जमीन, ही निवड कित्येक पिढ्यांच्या शेतीने घडवली आहे. निवडणारी परिस्थितीच गेली, तर त्या जातींचे प्रमाण आणि त्यांचे स्थानिक वाण टिकतील याची हमी कोण देणार? पुण्यात आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा आहे, आणि 2009 पासून राष्ट्रीय पातळीवरचा सूक्ष्मजीव संग्रहही आहे. या पट्ट्यात अजून कसल्या जाणाऱ्या खाचरांतून आवणीच्या वेळी, फुलोऱ्यात आणि नंतर वालाच्या गाठींतून नमुने घ्यावेत. प्राणवायूसह आणि प्राणवायूविना, दोन्ही प्रकारे ते वाढवावेत, आणि मिळालेले वाण गोठवून सुकवून, शेताच्या व पिकाच्या नोंदीसह पुण्याच्या या संग्रहांत ठेवावेत.