कॅमेऱ्याची कंपनी बदलताना

जुना कॅमेरा विकून, किमतींतील फरक भरून नवा घेतला की कंपनी बदलली, या समजात माउंट (भिंग कॅमेऱ्याला जडविण्याची खोबण) हिशेबातून निसटते. एका आट्याची तोटी दुसऱ्या आट्याच्या नळाला बसू नये, तशी निकॉनची भिंगे कॅननला थेट बसत नाहीत. १९८७ साली तर खुद्द कॅननने एफडी माउंट सोडून ईएफ स्वीकारले आणि आपल्याच ग्राहकांची पंचाईत केली. अ‍ॅडॉप्टरने (मधल्या जोडकड्याने) भागते खरे. परंतु माउंटपासून फिल्म वा संवेदकापर्यंतचे अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर व कॅनन ईएफमध्ये ४४ असल्यामुळे निकॉनचे भिंग कॅननवर चालते, उलट प्रकारात मात्र जादा काच घातल्याखेरीज दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. एकच भिंग असणाऱ्याने खुशाल बदलावे; पाच असणाऱ्याने आधी त्यांचा जुन्या बाजारातील भाव विचारून घ्यावा.