पार्लर टाकायचंय? आधी रिक्षाचा मीटर बघा!

रविवारी सहज दोन मैत्रिणींच्या आयब्रोज करून दिल्या. सोमवारी ऑफिसात तिसरीने विचारलं, ‘मस्त झाल्यात गं, कुठे केल्यास?’ झालं! महिनाभरात सगळ्या म्हणायला लागतात, ‘तू पार्लरच का नाही टाकत?’ आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो.

तुमच्याही डोक्यात तो किडा असेल तर थांबा. राजीनामा नंतर टाइप करा, आधी कॅल्क्युलेटर काढा.

समजा, तुम्ही क्लायंटच्या घरी जाऊन वॅक्सिंग करता आणि ५०० रुपये घेता. वॅक्स, पट्ट्या वगैरे सामानाचे १२० गेले. रिक्षाचे जाऊन-येऊन १५०. हातात उरले २३०. काम एका तासाचं, पण प्रवास दीड तासाचा. म्हणजे तासाला फक्त ९२ रुपये! त्यात ‘मैत्रीण ना तू माझी’ म्हणून तिने शंभर कमी करून घेतले, तर तासाला ५२. आता त्याच बिल्डिंगमधली आणखी एक क्लायंट त्याच फेरीत करा. साडेतीन तासांत ६१० रुपये उरतात, म्हणजे तासाला जवळजवळ १७५. फंडा सोपा आहे: लांबची दहा घरं धरण्यापेक्षा जवळची एक सोसायटी धरा.

मेन्यूकार्डही लांबलचक नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीन-अप एवढं पुरे. पण हात सफाईदार हवा, त्यासाठी रीतसर कोर्स कराच. आयटीआयमध्येही कॉस्मेटोलॉजी शिकता येतं.

स्वच्छतेत मात्र नो कॉम्प्रमाइज! थ्रेडिंगचा दोरा दातात धरण्यापेक्षा गळ्यात अडकवा. वॅक्सचा एकदा वापरलेला चाकू पुन्हा डब्यात बुडवू नका. हेअर कलरच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट करा. क्लायंट चेहऱ्याला रेटिनॉइड क्रीम लावत असेल किंवा पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल, तर फेस वॅक्सिंगला सरळ नाही म्हणा. एकीची स्किन सोलवटली की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा निकाल लागलाच समजा.

आता पैसा. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात तारण न ठेवता ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीचीही कटकट नाही. घरातच खुर्ची टाकणार असाल तर मात्र सोसायटीची आणि भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या.

घरातून सुरुवात करण्यात कमीपणा मुळीच नाही. शहनाझ हुसेन यांनीही दिल्लीत घरातूनच सुरुवात केली होती.

तेव्हा तीन महिने फक्त शनिवार-रविवार काम करा आणि पै-पैचा हिशेब वहीत लिहा. स्वतःच्या वेळेचे पैसे धरूनही काही उरत असेल, तर राजीनामा खुशाल टाइप करा. उरत नसेल तर आधी रेट वाढवा. खऱ्या मैत्रिणी तरीही येतील!