पुन्हा वर गेलेले विमान

आमच्या नरोलीस विमानतळ नाही. घरचे कोणी विमानाने येणार असले, की वापीमार्गे मुंबई गाठावी लागते. काही वर्षांपूर्वीच्या आषाढात मुलीला आणावयास असाच गेलो होतो. विमानाची वेळ होऊन गेली, तरी पुढे अर्धा तास काहीच कळेना. अखेर ती बाहेर आली ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने. "बाबा, धावपट्टी अगदी खाली दिसत होती आणि विमान एकदम वर उचलले! शेजारच्या आजी तर रामरक्षा म्हणू लागल्या." त्या अनोळखी वैमानिकाला मी मनातल्या मनात अकुशल ठरवून मोकळा झालो. तो माझा अन्याय होता, हे पुढे जाणकारांकडून समजले.

विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. पावसाळी वारा समुद्रावरून येतो, म्हणून त्या दिवसांत मुंबईस विमाने बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. हवेतून ताशी २५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानास समोरून २५ किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवर त्याचा वेग २२५ भरतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर २७५. फरक थोडा वाटतो. परंतु थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. त्यात धावपट्टी ओली असली, म्हणजे ब्रेकची पकडही कमी.

वारा आडवा असला, तर दमणगंगेच्या पुरात नावाडी जशी नाव प्रवाहाच्या वरच्या अंगास रोखून पलीकडचा काठ गाठतो, तसेच वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून ते तिरपे आणतो आणि चाके टेकता टेकता सुकाणूने सरळ करतो. सर्वांत घातक तो गडगडाटी मेघातून कोसळणारा थंड हवेचा लोट. प्रथम तो समोरून येऊन विमानास उचलतो, मग खाली दाबतो आणि लगेच पाठीमागून येऊन त्याचा आधारच काढून घेतो. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डलास येथे अशाच लोटात सापडून एक मोठे प्रवासी विमान कोसळले. त्यानंतर असे वारे आधी ओळखणारी यंत्रे विमानांत आणि विमानतळांवर बसविण्यास जोर आला.

यंत्रे सूचना देतात. निर्णय मात्र माणसास घ्यावा लागतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले विमान कोझिकोडच्या पठारावरील धावपट्टीवर पावसात उतरत होते. वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे, भारतीय वायुदलातील माजी विंग कमांडर, दीर्घ अनुभवाचे. पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला. दुसरा विरुद्ध दिशेने, पाठीमागच्या वाऱ्यात झाला. निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली आणि विमान पठाराच्या कडेवरून खाली गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जीव गेले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती, असे २०२१ च्या चौकशी अहवालात नमूद आहे; व्यवस्थेतील उणिवांकडेही अहवालाने बोट दाखविले. साठ्यांसारख्या अनुभवी माणसासही जो क्षण अवघड गेला, त्याविषयी घरबसल्या निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु बोध घेण्याचा आहे.

तो बोध असा, की उतरण्याचा बेत मोडून पुन्हा वर जाणे हा पराभव नव्हे. वैमानिकास ते मुद्दाम शिकवितात. धावपट्टी समोर दिसत असताना, इंधन आणि वेळ खर्ची पडत असताना, मागे बसलेले घाबरणार हे ठाऊक असताना "आता नको" म्हणावयास मन खंबीर लागते.

आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे. आपली मुलेबाळे सणावारी, लग्नकार्यास दुरून येतात, आणि आपण घड्याळाकडे पाहत दाराशी उभे असतो. यापुढे विमानास उशीर झाला, तर मी चिडणार नाही. त्या आषाढात मुलीला अर्धा तास उशिरा घरी आणणाऱ्या त्या अनोळखी वैमानिकाचे आभार मानावयाचे राहून गेले, एवढीच चुटपुट आहे.