आनंदवनाचे जलरंग

काशीचे एक पुरातन नाव ‘आनंदवन’ असे आहे. ते काशीखंडात येते आणि समर्थ रामदासांच्या काव्यामुळे मराठी श्रोत्यांच्या कानांसही परिचित आहे. परंतु काशीची चित्रे पाहावीत, तर त्यांत वन सहसा आढळत नाही. आढळतात ते घाट, शिखरे आणि पायऱ्या. येथील टांकसाळीत १८२० ते १८३० पर्यंत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी नोकरी सांभाळून या नगरीची रेखाटने केली. तीही मुख्यतः दगडी काशीचीच.

मात्र १८८७ साली खुल्या झालेल्या राजघाटच्या पुलाखालून नाव उत्तरेकडे निघाली, की वरणा जेथे गंगेस मिळते, तेथे काठावर झाडी दिसू लागते. ती जलरंगात कशी उतरवावी, हे आज सांगावयाचे आहे.

तैलरंगात उजेड वरून चढविता येतो. पारदर्शक जलरंगात कोरा कागद हाच उजेड. तो एकदा झाकला, की पूर्ववत होत नाही. म्हणून काम फिक्याकडून गडदाकडे चालते. कागद कापसाच्या लगद्याचा आणि जाड घ्यावा. पातळ कागद ओला होताच फुगतो. प्रथम तो भिजवून आकाश आणि पाणी यांवर एकच फिकट थर द्यावा. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्याने सूर्य पलीकडच्या वाळूवर उगवतो आणि त्याचे कोवळे ऊन या काठावर पडते. हिवाळ्यातील धुक्यात दूरची झाडे निळसर भासतात. ती कागद ओलसर असतानाच टेकवावीत, म्हणजे कडा आपोआप विरतात. जवळची झाडे मात्र कागद वाळल्यावर काढावीत.

तयार हिरवा रंग झाडीला परका वाटतो. निळ्यात पिवळी काव मिसळावी आणि सावलीत थोडी भाजलेली तांबडी काव घालावी. पाने मोजू नयेत; झाडाचा एकवट आकार पाहावा आणि फांद्यांमधून डोकावणारे आकाश राखावे. प्रतिबिंब ही काठाची हुबेहूब नक्कल नव्हे. गढूळ पाण्यात गडद झाडाचे प्रतिबिंब झाडाहून किंचित फिके पडते. कारण तेथे पाण्याचा स्वतःचा मातकट रंग वर येतो. लाटांमुळे ते आपल्या दिशेने लांबते.

माझे पहिले चित्र दुरुस्तीच्या हव्यासाने बिघडले. कचेरीतील टिपणी खोडून पुन्हा लिहिता येते. त्याच सवयीने मी ओल्या रंगावर पुनःपुन्हा कुंचला फिरविला आणि सकाळचा चिखल झाला! थांबावे केव्हा, हे कळणे हीच या माध्यमातील खरी विद्या होय.

ती एका दिवसात येत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आपल्या गावी परतले आणि १९३१ साली निधन होईपर्यंत रंकाळा, कोटितीर्थ अशा परिचित जलाशयांपाशीच रमले. तेच पाणी, तीच झाडे. प्रहर मात्र दर वेळी निराळा.

काशीस आलात, तर देवदर्शनानंतर एक सकाळ वरणासंगमासाठी ठेवा. चित्र साधेल वा न साधेल. पण तासभर एका झाडाकडे पाहत बसल्यावर या नगरीस आनंदवन का म्हटले असावे, याचा थोडा उमज पडेल.