नायकाने मरावे काय?

लेंडी नदीला पूर आला की पालम आणि पलीकडची काही गावे यांमधील रस्ता पाण्याखाली जातो. पालमकरांना यात नवे काही नाही. दोन्ही तीरांवर माणसे खोळंबतात. कोणाला दवाखाना गाठायचा असतो, कोणाला परीक्षेला बसायचे असते, कोणाची जनावरे पलीकडे राहिलेली असतात. अशा वेळी एखादा तरुण विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाऊल टाकतो. काठावरची वडीलधारी मंडळी ‘मागे फिर रे बाबा’ म्हणून ओरडतात आणि त्याच काठावर त्याच्या वयाची पोरे शिट्ट्या वाजवतात. ही शिट्टी कोठून आली याचा माग काढू गेल्यास तो चित्रपटगृहाच्या अंधारापर्यंत जाऊन पोहोचतो.

महापूर, आग, बुडते जहाज, कोसळती खाण अशा विषयांवरचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक एका गोष्टीवर हमखास वाद घालतो. शेवटी नायक मरायला हवा होता की नको? एका पक्षाचे म्हणणे असे, की तो मेला नाही तर सारी आपत्ती लुटुपुटीची ठरते. दुसरा पक्ष विचारतो, संकटे काय घरी कमी आहेत, म्हणून तिकिटाचे पैसे मोजून आणखी रडायचे? वाद करमणुकीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात एक हिशेब दडलेला आहे आणि तो मांडून पाहण्यासारखा आहे.

यश चोप्रा यांचा ‘काला पत्थर’ १९७९ साली आला. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथील कोळशाच्या खाणीत पाणी शिरून सुमारे पावणेचारशे कामगार मृत्युमुखी पडले, त्या घटनेची सावली या कथेवर आहे. तिचा नायक विजय हा पूर्वीचा जहाजाचा कप्तान. उतारूंना सोडून स्वतःचा जीव वाचवल्याचा कलंक घेऊन तो खाणीत मजुरी करतो. खाण पाण्याने भरते तेव्हा तो मजुरांना बाहेर काढतो आणि स्वतःही जगतो. ‘२०१८’ हा मल्याळम चित्रपट २०२३ साली आला. केरळच्या ऑगस्ट २०१८ च्या महापुराची ती कथा. तिच्यातील अनूप हाही मरणाच्या भयाने सैन्य सोडून आलेला आणि त्यापायी गावाच्या चेष्टेचा विषय झालेला. पुरात तो अनेकांना वाचवतो आणि अखेर त्याच कामात मरतो. गाठ एकच आहे : भित्रा ठरलेला माणूस आणि पाण्यात मिळालेली दुसरी संधी. एका ठिकाणी ती नायकाला जगवून सोडवली, दुसऱ्या ठिकाणी मारून.

‘काला पत्थर’मध्ये कोणी मरतच नाही असे मात्र नव्हे. मरतो तो मंगल, तुरुंगातून पळालेला कैदी. याच सलीम-जावेद यांनी १९७५ साली ‘शोले’तील भुरट्या जयला आणि ‘दीवार’मधील तस्कर विजयला मारले होते. हिंदी पटकथेच्या बाजारात कायदा मोडलेल्या माणसाच्या जिवाला भाव कमी, हे प्रेक्षकालाही पाठ झालेले असते. कोणाच्या नावावर मृत्यू लिहिला आहे, हे तो मध्यंतरापूर्वीच ओळखतो.

नायकाचा मृत्यू मराठी मनाला परका नाही. संस्कृत नाटकाने रंगमंचावर मरण दाखवणे सहसा टाळले. पण गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने सुधाकर आणि सिंधू दोघांनाही मरताना दाखवले, आणि मराठी प्रेक्षकाने ते नाटक पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतले. त्याहूनही जुना संस्कार १६६० सालच्या घोडखिंडीचा. बाजीप्रभूंचे मरण महाराष्ट्राने साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उराशी धरले, ते केवळ मरण म्हणून नव्हे. शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंतचा वेळ त्या मरणाने विकत घेतला, आणि तो दुसऱ्या कोणत्याही किमतीला मिळण्यासारखा नव्हता. कसोटी हीच आहे. ‘पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ या १९७२ सालच्या इंग्रजी चित्रपटात उलटलेल्या जहाजातून प्रवाशांना वाट काढून देणारा पाद्री वाफेची झडप हाताने बंद करतो आणि खाली पडून मरतो. झडप कोणीतरी बंद करणे भाग होते आणि दुसरा मार्ग उरला नव्हता. अशा मृत्यूविरुद्ध कोणाचीच तक्रार असू नये.

परंतु पडद्यावरचे बहुतेक मृत्यू या कसोटीला उतरत नाहीत. नायक मरतो, कारण दोर अपुरा पडतो, होडी एकच असते, भोंगा वाजत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ज्याने खर्च वाचवला तो एक आणि ज्याने किंमत मोजली तो दुसरा. दोर, होडी आणि भोंगा यांची थकबाकी नायक आपल्या प्राणांनी फेडतो, पडद्यावर चिता पेटते, संगीत वर चढते, आणि खाते बंद झाले अशा समाधानाने प्रेक्षक घरी जातो. चासनालाच्या खाणीत शिरलेले पाणी जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साचलेले होते. ते एका रात्रीत साचले नव्हते. पण साचत जाणारे पाणी कोणत्या चित्रपटात दाखवतात?

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटांत मरण पावले. गोदीत आणि आसपास मेलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. त्या ६६ जणांपुढे कोणाचेही मस्तक लवेल. तरीही त्यांच्या शौर्याची कथा सांगताना कापूस आणि दारूगोळा एका जहाजात कसा भरला गेला, हा प्रश्न गाळला तर ती त्यांची अवहेलनाच होय. सुदैवाने १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह केवळ मानवंदनेवर थांबत नाही. आग लागू नये म्हणून काय करावे, हेही त्यात सांगितले जाते. नायकाच्या मृत्यूनंतरची ही खरी पुढची रिळे. चित्रपट ती कधी दाखवत नाही.

मराठवाड्याला तर हे दूर जाऊन शिकण्याचेही कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाने माणसे मारली असे म्हणतात. प्रत्यक्षात मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेल्या माळवदांनी. या भागातील जुन्या घरात ज्याने माळवदाखाली रात्र काढली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेथे कोणा नायकाला मरण्याचीही सवड मिळाली नाही. खरे काम नंतरच्या वर्षांचे होते : गावे नव्या जागी वसवणे, भिंतींना बंध घालणे, गवंड्यांना नवी रीत शिकवणे, आणि हे सारे करताना गावकीतील हेवेदावे सोसणे. या कामात मृत्यूला वाव नाही. म्हणूनच बहुधा चित्रपटालाही नाही.

जगलेल्या नायकाची कथा रंगत नाही, हा आक्षेप मात्र पुरता खरा नाही. राणीगंजजवळच्या महावीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी शिरले आणि ७१ कामगार अडकले. सहा बुडाले. उरलेल्या ६५ जणांसाठी जमिनीतून नवे भोक पाडून पोलादी पिंजरा खाली सोडण्यात आला आणि जसवंतसिंग गिल हे अभियंते स्वतः त्यातून खाली उतरले. एकेक माणूस वर पाठवून ते परत आले, आणि पुढे तीस वर्षे जगून २०१९ साली निवर्तले. त्यांच्यावरील ‘मिशन राणीगंज’ २०२३ साली आला. त्यात प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो पिंजऱ्यापाशी. भोकाचा व्यास किती, पिंजऱ्यात माणूस मावेल का, दोर किती वजन पेलेल, अशा कारखान्यातल्या प्रश्नांवर. आणि जिवंत राहिलेला नायक काही गैरसोयीच्या गोष्टी करू शकतो. तो चौकशीत साक्ष देऊ शकतो. ‘मी मागितला तेव्हा दोर मिळाला नव्हता’ एवढे एक वाक्य तो बोलू शकतो. पुतळ्याला ते बोलता येत नाही, आणि पुतळे उभारण्याचा उत्साह दोर खरेदी करण्याच्या उत्साहापेक्षा नेहमी अधिक का असतो, याचेही उत्तर थोडेफार येथेच सापडते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकजण बुडाले. माणसे बोटीच्या मानाने फार होती. त्या दिवशी तेथे धैर्याची उणीव नव्हती. आणखी एका बोटीची होती.

‘२०१८’मधील अनूप मेला म्हणून त्या चित्रपटाला दोष देण्याचे कारण नाही. केरळच्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून पूरग्रस्त गावांत नेल्या, हे त्यात मनापासून दाखवले आहे. पण त्या कोळ्यांपैकी बहुतेक जण माणसे काढून परत घरी गेले आणि पुन्हा मासेमारीला लागले. अनूपही त्यांच्याबरोबर परतला असता तर कथेचे काय बिघडले असते? एवढेच, की भ्याडपणाचा डाग धुण्यास मरणच हवे, ही समजूत तिला सोडून द्यावी लागली असती. ‘काला पत्थर’ने ती चव्वेचाळीस वर्षे आधीच सोडली होती.

लेंडीच्या काठावर रात्री पाणी चढू लागले की पोलीस पाटील बॅटरी घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहतो. मोटारसायकलवाल्यांना परत पाठवतो, घाईत असलेल्यांच्या शिव्या ऐकतो, मधून मधून तहसिलात पाण्याची खबर देतो. उजाडल्यावर पाणी उतरते. कोणी शिट्टी वाजवत नाही. दोन माणसे मात्र न बोलता त्याच्या बाजूने पूल ओलांडतात, आणि तो घरी जाऊन चहा मागतो.